लम्हेटाचे थर : आपल्या पायाखालची जुनी नोंदवही

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे आटोपशीर केले आहे.)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, डॉक्टर, कीर्तनकार अशी अधिकारी मंडळी बोलून गेली आहेत. मी डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनियर. रुळाखालची माती, भराव, कटिंग, मोऱ्या आणि पुलांचे पाये यांत माझी वीसेक वर्षं गेली. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण ज्याला रोज जमीन खणावी लागते, त्याला खाली काय आहे हे विचारल्यावाचून राहवत नाही. त्यातून थोडं वाचन झालं, जाणकारांना प्रश्न विचारून थोडा त्रास देऊन झाला. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "डायनोसॉरवर बोला, म्हणजे मुलं जागेवर बसतील." मुलांनो, शब्द पाळा.

आपण जबलपूरला राहतो. कोणाचे पूर्वज भोसल्यांच्या काळात आले, कोणी रेल्वेमुळे आले, कोणी फॅक्टऱ्यांमुळे. पाहुणे आले की आपण त्यांना भेडाघाटला नेतो. धुवांधार दाखवतो, संगमरवराच्या कड्यांतून नावेने फिरवतो आणि परत आणतो. त्याच नर्मदेच्या काठी थोडं अलीकडे लम्हेटाघाट आहे. तिथे आपण फारसं कोणाला नेत नाही. पण जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत या घाटाचं नाव आहे. जिऑलॉजिकल सर्व्हेच्या लोकांनी १८६० च्या सुमारास नर्मदेच्या खोऱ्याची पाहणी केली, तेव्हा इथे दिसणाऱ्या खडकांच्या थरांना त्यांनी या घाटाचंच नाव दिलं. 'लम्हेटा' थर. पुढे तेच थर नागपूर-चंद्रपूरकडे, सागरकडे, अमरकंटककडे आणि पश्चिमेला झाबुआपासून गुजरातेतल्या बालासिनोरपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी सापडले. कुठेही सापडले तरी नाव आपल्या घाटाचंच.

हे थर साधारण ६ कोटी ६० लाख ते ७ कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे डायनोसॉरांच्या राज्याचा शेवटचा काळ. कोटी म्हटलं की डोक्यात काही शिरत नाही, म्हणून मी आपला रेल्वेचा हिशेब करतो. एक वर्ष म्हणजे एक मिलिमीटर धरा. शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, ते झाले पस्तीस सेंटिमीटर. हातभरसुद्धा नाही. आणि लम्हेटाचा काळ? ६६ किलोमीटर आणि त्याच्याही पुढे. गाडीत बसून जबलपूर सोडायचं, कटनीच्या वाटेवर सिहोरा रोड मागे टाकायचं, तरी अजून बराच पल्ला उरतो.

आता हे थर कसे ओळखायचे? खडकाचा साधा नियम आहे, जो कटिंगमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. जमिनीची उलथापालथ झालेली नसली तर हा नियम चुकत नाही. गन कॅरेज फॅक्टरीजवळची बडा सिमला टेकडी घ्या, किंवा छुई हिल घ्या. तळाशी पांढरी माती आणि वाळूचा खडक दिसतो. ही पांढरी माती म्हणजे घरं सारवायची छुई, त्यावरूनच टेकडीला नाव पडलं. ते थर लम्हेटाच्या आधीचे. त्यावर लम्हेटा सुरू होतो. आधी हिरवट वाळूचा खडक, मग चुनखडीचा थर, मग ठिपकेदार, गाठीगाठींचा मातकट थर, पुन्हा चुनखडी, पुन्हा वाळूचा खडक. आणि सगळ्यांच्या डोक्यावर काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीच्या लाव्हाचा दगड. लम्हेटाची जाडी फार नाही, मोठ्यात मोठी म्हटली तरी काही दहा मीटरच्या घरातली. पण त्या एवढ्याशा जाडीत एक अख्खा मुलूख गाडला गेला आहे.

तो मुलूख कसा होता यावर विद्वानांत बरीच वर्षं वाद चालला. काहींनी हिरवट वाळू पाहिली, किड्यांनी केलेल्या बिळांसारख्या नळ्या पाहिल्या आणि म्हटलं, इथे उथळ समुद्राचा काठ होता. दुसरे म्हणाले, नाही, ही कोरडवाहू जमीन आहे. माझ्यासारख्याला हा दुसरा पक्ष लगेच पटतो, त्याचं कारण कंकर.

कंकर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. काळ्या मातीत खोदलं की पांढरट गाठी निघतात, जुन्या काळी त्या भाजून चुना करत. या गाठी कशा होतात? पाऊस थोडा पडतो, पाण्यात मातीतला चुना विरघळतो आणि पाण्याबरोबर खाली उतरतो. मग कडक ऊन पडतं, पाणी उडून जातं आणि चुना तिथेच थिजतो. हजारो वर्षं हेच चाललं की गाठी एकमेकींना चिकटतात आणि जमिनीखाली फरशीसारखा टणक थर तयार होतो. लम्हेटाची बरीचशी चुनखडी ही अशी, जमिनीत मुरून झालेली आहे. तिच्यात झाडांच्या मुळांच्या खुणा आहेत. आणि मुख्य म्हणजे तिच्यात अंडी आहेत. डायनोसॉर काही समुद्रात अंडी घालत नव्हते. तेव्हा उन्हाळा कडक, पाऊस बेताचा, मधून वाहणाऱ्या नद्या, पुराचं मैदान आणि कुठे कुठे तळी, असं चित्र आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. जबलपूरपुरता समुद्राचा पक्ष मांडणारेही पुढे होतेच. वाद चालू राहिला की शास्त्र पुढे सरकतं, आपल्या कार्यकारिणीच्या सभेसारखंच. (हशा)

आता प्राण्यांकडे येतो.

जबलपूर १८१७ मध्ये भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलं. त्यानंतर इथे आलेला एक लष्करी अधिकारी म्हणजे विल्यम स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन तो हाच. आपल्या जबलपूर-कटनी मार्गावरचं स्लीमनाबाद रोड स्टेशन त्याच्याच नावाचं. या गृहस्थाला १८२८ मध्ये बडा सिमला टेकडीपाशी काही दगडी हाडं सापडली. हे साल लक्षात ठेवा, कारण 'डायनोसॉर' हा शब्दच मुळी १८४२ मध्ये छापला गेला. म्हणजे ज्या प्राण्याला जगात नाव नव्हतं, त्याची हाडं जबलपुरात हाती आली होती. ती पुढे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली. ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर या शास्त्रज्ञाने शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याचं नाव ठेवलं 'टायटॅनोसॉरस इंडिकस'. भारतातून नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. लांब मान, लांब शेपूट, चार खांबांसारखे पाय, पूर्ण शाकाहारी.

आणि मग ही हाडं हरवली. कपाटं बदलली, संग्रह एका जागेहून दुसऱ्या जागी गेले आणि दशकानुदशकं कोणाला ती सापडेनात. शास्त्रज्ञ जुन्या चित्रांवर काम भागवत राहिले. अखेर २०१२ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या कलकत्त्याच्या संग्रहात शोध घेतल्यावर त्यांतला एक मणका मिळाला. शोधणाऱ्यांत एक नाव होतं धनंजय मोहबे यांचं. जिऑलॉजिकल सर्व्हेत आणि नागपुरात यांचं आयुष्य लम्हेटावर गेलं. त्यांचं नाव आज आणखी एकदा येणार आहे. गोष्टीतला बोध एवढाच की, जुन्या लेखांत त्या मणक्याचं वर्णन आणि चित्र नीट होतं, म्हणूनच तो ओळखता आला. नोंद नसती तर तो एक दगडच राहिला असता.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी चार्ल्स मॅटली नावाच्या माणसाने बडा सिमलावर पुन्हा खोदकाम केलं. नोकरी सरकारी हिशेबखात्यात आणि छंद भूशास्त्राचा. टेकडीचे थर मोजून त्यांचा क्रम त्याने लावला. आज मी तुम्हाला जो हिरवट वाळूपासूनचा क्रम सांगितला, तो त्याचाच. हिशेबखात्याच्या माणसाने थरांचाही जमाखर्च चोख ठेवला. त्याने काढलेल्या हाडांचा अभ्यास जर्मनीच्या फ्रीडरिश फॉन ह्यूने यांनी त्याच्याबरोबर केला आणि १९३३ मध्ये मोठा ग्रंथ निघाला. त्यात एका लहानशा मांसाहारी डायनोसॉरला आपल्या शहराचं नाव मिळालं, 'जबलपुरिया'. तेव्हा जबलपूरवासीयाला 'जबलपुरिया' म्हणण्याची पद्धत किती जुनी आहे पाहा!

पण त्या खोदकामात एक अडचण होती, आणि ती जमिनीनेच घालून ठेवलेली होती. नदीच्या पुराने म्हणा, कशाने म्हणा, अनेक प्राण्यांची हाडं एकाच थरात सरमिसळ होऊन पडली होती. त्यामुळे मॅटलीने १९२३ मध्ये 'लॅमेटासॉरस' नावाचा जो प्राणी उभा केला, तो चिलखती पाठीचा डायनोसॉर समजला गेला. पुढच्या अभ्यासकांनी पाहिलं तर कंबर आणि पायाचं हाड मांसाहारी प्राण्याचं, आणि कातडीवरचे हाडाचे तुकडे भलत्याच प्राण्यांचे. आपल्याकडे गणपतीची गोष्ट आहे, धड एकाचं आणि मस्तक दुसऱ्याचं. तिथे तो देवाचा चमत्कार होता. इथे घोटाळा होता! टायटॅनोसॉरस या नावालाही पुढे असाच फटका बसला. नुसत्या शेपटीच्या मणक्यावरून अमुकच जात हे सांगता येत नाही, असं २००३ मध्ये ठरलं. हाड मोठं असो की लहान, ते एकटं बोलत नाही. शेजारी काय होतं, कोणत्या थरात होतं, कोणत्या बाजूला वळलेलं होतं, हे सगळं मिळून ते बोलतं.

याची चांगली उदाहरणं गुजरातेत आहेत. १९८१ च्या सुमारास बालासिनोरजवळ सिमेंटच्या चुनखडीच्या खाणींच्या भागात लम्हेटाच्या थरांत अंडी आणि हाडं दिसू लागली. रहिओली नावाच्या गावाजवळ जिऑलॉजिकल सर्व्हेच्या सुरेश श्रीवास्तव यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत बरीच हाडं काढली. पण काढण्याआधी कोणतं हाड कुठे पडलं आहे याचा नकाशा केला. पुढे भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो नकाशा समोर ठेवून कोणतं हाड कोणाचं हे वेगळं केलं, आणि २००३ मध्ये 'राजासॉरस नर्मदेन्सिस' जगापुढे आला. कपाळावर आखूड शिंगासारखा उंचवटा असलेला, नर्मदेचं नाव धारण करणारा मांसाहारी. त्याचा जवळचा नातेवाईक सापडतो मादागास्करमध्ये. कारण भारत आणि मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जोडलेले होते. लम्हेटाच्या काळात आपला देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि बेटासारखा एकटाच उत्तरेकडे सरकत होता.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. १९८४ मध्ये मोहबे यांना गुजरातेतच धोळी डुंगरी गावाजवळ दगडात एक घरटं मिळालं. अंडी आणि बाजूला बारीक हाडं. त्यांनी १९८७ मध्ये ते प्रसिद्ध केलं, हाडं डायनोसॉरच्या पिल्लाची आहेत असं धरून. दगड फोडून तुकडे न करता सांभाळून ठेवला. २००१ मध्ये अमेरिकेच्या जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला आणि त्यांच्या लक्षात आलं की यांतले काही मणके सापाचे आहेत! नीट साफ करून पाहिलं, तर फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. साप पिल्लू गिळायला आला असावा आणि त्याच क्षणी वरून वाळू-चिखल येऊन सगळेच गाडले गेले. २०१० मध्ये या सापाचं नाव ठेवलं 'सनाजेह'. मुलांनो, विचार करा. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा एक क्षण जसाच्या तसा उरला. तो दगड सतरा वर्षं कोणी फोडला नाही म्हणून तो आपल्याला दिसला.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येतो. नागपूर-बल्लारशा मार्गावर वरोरा स्टेशन लागतं. त्या भागात, चंद्रपूर जिल्ह्यात, पिजदुरा नावाचं लहानसं गाव आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे, त्या पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना १८५९ मध्ये तिथे लम्हेटाच्या थरांत हाडं मिळाली. त्याच पिजदुऱ्यात आणखी एक खजिना आहे, तो म्हणजे डायनोसॉरचं शेण. हसू नका! शेणाचा दगड झालेला आहे, वास येत नाही. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात गवताच्या पात्यांत असतात तसे वाळूसारखे सूक्ष्म कण मिळाले, आणि तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा खळबळ उडाली. कारण तोवर असं मानत की गवत पसरलं ते डायनोसॉर गेल्यानंतर. पुढे २०११ मध्ये तर तांदळाच्या कुळातल्या गवताच्या खुणा तिथेच मिळाल्या. बाप्पाला आपण रोज एकवीस दूर्वा वाहतो. दूर्वा म्हणजे गवतच. त्या गवताच्या घराण्याची इतकी जुनी पावती विदर्भातल्या एका शेतातल्या शेणात मिळाली, आणि हे काम झालं ते 'हा दगड कोणत्या थरातला' हे ठाऊक होतं म्हणून.

पिजदुऱ्याजवळच डोंगरगाव आहे. तिथे १९८४ ते १९८६ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा खोदून काढला. एकाच प्राण्याची इतकी हाडं एकत्र मिळणं लम्हेटात दुर्मीळ. आज त्या प्राण्याला त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून 'इसीसॉरस' म्हणतात. लांबी सुमारे १८ मीटर. आपल्या प्रवासी डब्याहून थोडा आखूड.

मग हे सगळे गेले कुठे? लम्हेटाच्या वरचा काळा थर आठवा. जमिनीला मोठमोठ्या भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. रायगड, सिंहगड, वेरूळची लेणी, सगळं त्याच पाषाणात. आपण रुळाखाली ६५ मिलिमीटरची गिट्टी टाकतो, तीही या भागात बहुधा त्याचीच. डायनोसॉर संपण्याला मेक्सिकोत पडलेली प्रचंड उल्का कारण, हे आज बहुतेकांना मान्य आहे. आपल्या लाव्हाने त्यात किती हातभार लावला, यावर मात्र अजून खल चालू आहे. आपण मराठी माणसं स्वतःला काळ्या पाषाणाची लेकरं म्हणवून घेतो. तो पाषाण जिच्यावर पसरला ती जमीन म्हणजे हा लम्हेटा. महाराष्ट्रात ती बहुतेक ठिकाणी लाव्हाखाली झाकलेली आहे. जबलपूरला नर्मदेने आणि ओढ्यांनी ती आपल्यासाठी उघडी करून ठेवली आहे. मायभूमीच्या पायाखालचं पान वाचायचं, तर ते आपण राहतो त्या गावात उघडं आहे.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगितलं, त्या मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेर एका कामावर भरावासाठी माती येत होती. ठेकेदाराच्या सुपरवायझरने मला चार-पाच गोल दगड आणून दाखवले. लहान नारळाएवढे. "साहेब, तोफेचे गोळे आहेत का?" एकावर पातळ कवचासारखं काही दिसत होतं. मी फोटो काढले आणि ओळखीच्या एका भूशास्त्रज्ञांना पाठवले. त्यांनी दगडाबद्दल काही विचारलंच नाही. एकच प्रश्न केला, "कुठून?" सुपरवायझरला विचारलं, तर जेसीबीने तीन ठिकाणची माती काढून एकाच ढिगात घातलेली. ढीग भरावात गेलेला, वरून रोलर फिरलेला. भूशास्त्रज्ञ साहेब म्हणाले, "आता हे अंडं असलं काय आणि नुसती चुन्याची गाठ असली काय, मला त्याचं काही करता येणार नाही."

ते ऐकून मला आपलं मेजरमेंट बुक आठवलं. रेल्वेत, माझ्या सहकाऱ्यांना सांगायला नको, काम कितीही चांगलं झालेलं असो, एम.बी.त नोंद नाही म्हणजे ते झालंच नाही. किलोमीटर कोणता, खांब कोणता, उजवीकडे की डावीकडे, किती खोल. एवढं असलं की पन्नास वर्षांनी आलेला माणूसही बरोबर त्या जागी उभा राहतो. जमिनीने तर कोट्यवधी वर्षं आपली एम.बी. चोख ठेवली आहे, पान उलटायला फक्त आपण घाई करतो.

आणि पानं फाटत आहेत. शहर वाढतं आहे, वाढायलाच हवं. घरं लागतात, रस्ते लागतात, आपण स्वतः रेल्वे बांधतो. पण टेकडीचा उतार कापला, खाण खणली, पायाचा खड्डा घेतला की लम्हेटाचं एखादं पान जातं आणि ते पुन्हा छापता येत नाही. काही जण हौसेने दगड उचलून घरी शोकेसमध्ये ठेवतात. दगड सुरक्षित राहतो, पण त्याची जागा हरवते. ते पुस्तकातून पान फाडून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

उलट नीट पाहिलं की काय मिळतं, ते आपल्याच राज्यातल्या धार जिल्ह्याने दाखवलं. दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तिथल्या लम्हेटा थरांत ९२ घरटी आणि २५६ अंडी जागच्या जागी नोंदवली. २०२३ च्या जानेवारीत तो अभ्यास प्रसिद्ध झाला. घरटी इतकी जवळजवळ आहेत की मधून एवढाले आईबाप फिरू शकले नसते. म्हणजे अंडी घालून ते निघून जात असावेत, असा अंदाज बांधता आला. एका अंड्यात तर दुसरं अंडं मिळालं, असं एरवी पक्ष्यांत होतं. हा अंदाज घरट्यांमधलं अंतर मोजल्यामुळे आला. अंडी उचलून एका पेटीत भरली असती, तर २५६ गोल दगड मिळाले असते, बाकी काही नाही.

त्याच धार जिल्ह्यात पाडल्या नावाच्या गावात काही घरांतून असे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पुजले जात. शेताची, गुराढोरांची राखण करणारा देव. २०२३ च्या डिसेंबरात बातमी आली की ती डायनोसॉरची अंडी आहेत. वर्तमानपत्रं वाचून कोणी कोणी हसले. मला हसू आलं नाही. देव म्हणून पुजलं, म्हणून ते फुटलं नाही, खडीत गेलं नाही. आपणही दगडात देव पाहणारी माणसं. श्रद्धेने सांभाळलं, शास्त्राने ओळखलं, दोघांचंही आपापलं काम झालं.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. नदीकाठी, टेकडीवर, खणलेल्या खड्ड्यात वेगळा दगड दिसला, हाडासारखा, लाकडासारखा किंवा गोल, तर तो उचलू नका आणि हातोडी मारू नका. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे आजूबाजूचे थर दिसतील. जागा लिहा. आता मोबाईलवर अक्षांश-रेखांशही मिळतात. मग जिऑलॉजिकल सर्व्हेला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. प्रत्येक गोल दगड अंडं नसतो, बहुतेक वेळा चुन्याची गाठच निघते. अंड्याला दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत जाड कवच असतं आणि त्यावर बारीक दाणे असतात. ते ठरवायचं काम जाणकारांचं. आपलं काम 'कुठून' या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवण्याचं. आणि माझ्या खात्यातल्या बांधवांना, ठेकेदारांना एवढंच सांगेन की तासाभराच्या खोळंब्याने कोणतंही काम अडत नाही.

दुसरी विनंती पालकांना. पुढच्या वेळी पाहुण्यांना भेडाघाटला न्याल, तेव्हा वाटेत लम्हेटाघाटी थांबा. २०२१ मध्ये भेडाघाट-लम्हेटाघाट हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला आहे. नावाची पाटी लागेल तेव्हा लागेल. मुलांना थर दाखवा. खालचा कोणता, वरचा कोणता, हे त्यांनाच सांगू द्या. बालासिनोरजवळ रहिओलीला २०१९ मध्ये डायनोसॉरचं संग्रहालय उघडलं. सुटीत गुजरातकडे गेलात तर तेही पाहा. तिथे ठेवलेलं पुष्कळसं आपल्या घाटाच्या नावाच्या थरांतलंच आहे.

आपण या गावाचे पाहुणे नाही, पिढ्यान्पिढ्यांचे रहिवासी आहोत. गावाचं जे मोठेपण आहे, ते ओळखणं हेही रहिवाशाचं काम असतं. स्लीमन सैनिक होता, हिस्लॉप पाद्री होता, मॅटली हिशेबनीस होता. भूशास्त्र त्यांच्यापैकी कोणाची नोकरी नव्हती. त्यांनी पाहिलं, लिहून ठेवलं आणि जाणत्याच्या हाती दिलं. एवढं तर आपण सगळेच करू शकतो, डिप्लोमावालेसुद्धा!

आरतीची वेळ झाली आहे, आणि प्रसादाचा सुवास मलाही येतो आहे, त्यामुळे थांबतो. मुलांनी शब्द पाळला, त्यांचे विशेष आभार. 

गणपती बाप्पा मोरया! नर्मदे हर!